चिडाची पेटी

सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा
१४ मे २०२३

भैयाजीभाऊ,

जय भीम. मी अंकुशची आई, रत्नमाला. मार्चमध्ये तुम्ही त्याची पेटी घेऊन हिमाचलातून आमच्या दारापर्यंत आले, गिलासभर पाणी प्याले, आणि मी चहा ठेवते म्हणेपर्यंत त्याच गाडीनं तुमच्या गावाले, बपेऱ्याले, निघूनही गेले. जाताना माझ्या भासऱ्यांजवळ, अंकुशच्या बाबाच्या मोठ्या भावाजवळ, केशवरावांजवळ, कामावरचा पत्ता देऊन गेले होते, म्हणून हे पत्र. फोन लावून पाहिला. तुम्ही उचलता, "हां ताई" म्हणता, आणि पुढं नुसता श्वास ऐकू येते. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. मी अंगणवाडीत आहे, मले लिहायची सवय आहे.

विचारायचं आहे ते लाकडाचं. आमच्या घरच्या बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून पुढचं मी पाहिलं नाही. माणसांनी पेटी तिथं उघडली, अंकुशले सरणावर ठेवलं, आणि रिकामी पेटी ट्रॅक्टरमध्ये टाकून वापस आणली. तिरडी असती तर तिथंच टाकून आले असते. तिरडीचं काय करायचं हे लहान पोट्ट्यालेही ठाऊक असते. पेटीचं काय करायचं हे गावात कोणालेच ठाऊक नाही, कारण आमच्या गावात आजवर माणूस पेटीत आलाच नव्हता. ज्याले विचारावं तो दुसऱ्याकडं बोट दाखवते.

केशवराव म्हणतात, रंधा मारलेल्या चांगल्या फळ्या आहेत, फेकायच्या कायले, संडासाले दार नाही ते करून घेऊ. गावच्या वाढयाले, सुताराले, बोलावलं. तो दुरूनच पाहून म्हणाला, "बाई, मी सागवान ओळखतो, येन ओळखतो, बिजा ओळखतो. हे आपल्याकडचं लाकूड नाही." हात लावला नाही त्यानं. लाकूड अनोळखी होतं का पेटीले भेला, ते तोच जाणे.

तर हे कोणतं लाकूड आहे ते लिहा. दार टिकेल का? चुलीत जाळलं तर चालते का? सध्या पेटी बैलांच्या कोठ्यात ठेवली आहे. आणि एक, सहज विचारते, या लाकडाले आवाज असते का?

तुमच्या हाताखाली सुतारकामाले लागला तवापासून अंकुश फोनवर तुमचं नाव घेतल्याबिगर बोलत नव्हता. काका असे, काका तसे. मले तर कधी कधी राग यायचा.

रत्नमाला


बंजार, जि. कुल्लू
२ जून २०२३

रत्नमालाताईले भैयाजी वाढयाचा नमस्कार.

तुमचं पत्र खालच्या बाजारातल्या दुकानदारानं वर पाठवून दिलं. फोनचं मनावर घेऊ नका. तोंडानं बोलणं मले जमत नाही. हातानं होते ते काम बरं.

ते लाकूड चिडाचं आहे. इकडचे पहाड सगळे त्यानंच भरले आहेत. सुईसारखा पाला, आणि खोडाले खाच पाडली का राळ गळते. इकडं देवदाराले सागवानाचा मान आहे, मंदिरं त्याची. त्याच्या खाली कैल. आणि सगळ्यांत खाली चीड, गरिबाचं लाकूड. ज्याले काही परवडत नाही त्याले चीड परवडते. सफरचंदाच्या पेट्या, छपराच्या फळ्या, भिंतीची आतली पट्टी, दुकानातले रॅक, स्वस्तातलं कपाट, सगळं त्याचंच.

स्वभाव म्हणाल तर नरम. हलकं. करवत लोण्यातून गेल्यासारखी जाते, फक्त राळ दातांत चिकटते, मंग रॉकेलच्या चिंधीनं पुसत बसा. नखानं दाबलं तरी खड्डा पडते. अंकुशले पहिल्या दिवशी फळी दिली तर त्यानं अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि हसला, "काका, हे लाकूड आहे का खवा?" सागवानावर हात बसलेला होता ना त्याचा. पण चीड खिळा चांगला घेते. टोकाजवळ ठोकायचा असेल तर खिळ्याची अणी आधी हातोडीनं बोथट करायची, नाहीतर फळी उभी चिरते. हे त्याले एकदाच सांगावं लागलं.

दाराचं केशवरावले सांगा, संडासाले नको. पाणी लागलं का चीड निळीकाळी पडते आणि कुजते. जमिनीले टेकली का वाळवी तिच्यावर तुटून पडते. घरात, कोरड्यात, रॅक करा, पोरांची खेळणी करा, जलम जाईल. रंग द्यायचा असेल तर गाठींवर आधी चपडा लाखेचा हात मारा, नाहीतर उन्हाळ्यात गाठीतून राळ निघून रंग फोडते. चुलीत तर घालूच नका. भडकते, ठिणग्या उडवते, आणि भांडी काजळीनं अशी काळी होतात का घासता घासता हात जाते.

आवाजाचं म्हणाल, तर लाकूड वाळताना आवाज करतेच. एकदोन उन्हाळे. मंग चूप होते.

भैयाजी


सानगडी
२५ जून २०२३

भैयाजीभाऊ,

पत्र पोचलं. खिळ्यावर तुम्ही एवढं लिहिलं, रंगावर लिहिलं, भांड्याच्या काजळीवर लिहिलं. आवाजावर एकच ओळ लिहिली. मी दिवसभर लहान लेकरांत राहते. लेकरू ज्या गोष्टीवरून घाईनं पुढं जाते, गोम तिथंच असते.

तर आता खरं लिहिते. पेटी कोठ्यात नाही. कोठ्यात होती एक आठवडा, मंग मीच ओढत माझ्या खोलीत आणली. माझ्या खाटेजवळ आहे. केशवराव ओरडले, मी ऐकलं नाही. तिच्यात अंकुशचे कपडे ठेवले आहेत, झाकण वर नुसतं ठेवलेलं आहे.

ती ठोका देते, भाऊ. दुपारी, ऊन टीनावर आलं का. एक ठोका, मंग बराच वेळ काही नाही, मंग अजून एक. आतून कोणी बोटाच्या पेरानं वाजवावं तसा. आणि नेहमी डोक्याकडून.

मले वेडी समजू नका. आम्ही दीक्षा घेतलेल्या घरातले लोक. मी भूत मानत नाही. गावात कोणाच्या अंगात आलं तर तिले दवाखान्यात नेणारी बाई मीच आहे. मागच्या वर्षी एका घरी झाडफूक करायले माणूस आणला होता, त्याले मी चपलीसकट हाकललं. आता मी कोणापाशी सांगू का माझ्या खोलीत पेटी वाजते? लोक म्हणतील, बरी जिरली हिची. ज्याचं जळते त्यालेच कळते.

मी भूत म्हणतच नाही. मी दुसरंच म्हणते, आणि ते भुतापेक्षा वाईट आहे. अंकुशचं तोंड मले कोणी दाखवलं नाही. दोन रात्रीच्या रस्त्यानं आलं आहे, बायकांनी पाहू नये, म्हणून पेटी दारातूनच पुढं नेली. मी पेटीले हात लावला फक्त. मले हे सांगा, पेटीले खिळे ठोकले तवा माझा पोरगा मेलेला होता का? पेपरात येत नाही का, मेलेला माणूस सरणावर उठून बसला म्हणून? पेटीत घातल्यावर त्यानं आतून वाजवलं असेल, आणि कोणी ऐकलं नसेल, आणि आता लाकूड तेच वाजवून राहिलं असेल, तर?

तुम्ही पेटीजवळ बसून आले. तुम्हीच सांगू शकता.

रत्नमाला


बंजार
१५ जुलै २०२३

रत्नमालाताई,

असं मनात आणू नका जी. हात जोडून सांगतो.

अंकुश छपराच्या फळ्या मारत होता. फळीवर रात्रीचं दव गोठलं होतं. त्याचा पाय सरकला आणि खाली दगड होते. मी धावत पोचलो तवा श्वास नव्हता. तरी आम्ही त्याले घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, कागद दिला. रात्रभर तिथंच ठेवलं. पेटी दुसऱ्या दिवशी झाली. पेटी मी केली, माझ्या हातानं. बाजारात तयार भेटत होती, पण ती आखूड होती आणि फळ्या खरबड्या होत्या. मी म्हटलं, रंधा मारल्याबिगर याले मी घरी नेणार नाही.

घाईत ओल्या फळ्या घ्याव्या लागल्या. बर्फाखाली पडून होत्या. इकडं एवढी थंडी, आणि तुमच्याकडं सानगडीचा उन्हाळा. ओली चीड असल्या उन्हात गेली का आकसते. जिथं खिळ्यानं धरून ठेवली आहे तिथं तिले आकसता येत नाही, मंग ती आतल्या आत तडकते. तोच ठोका. डोक्याकडं मोठी गाठ आलेली आहे, पाहून घ्या. गाठीजवळ जास्त तडकते म्हणून तिकडूनच ऐकू येते. यात दुसरं काही नाही.

रस्त्याचं विचारता, तर मी रस्ताभर झोपलेला होतो. मले काही ऐकू आलं नाही.

पावसात आवाज बंद होईल, पाहा तुम्ही. हवा ओली झाली का लाकूड फुगते आणि शांत पडते. कपडे पेटीतून काढून घ्या, राळेचा वास लागते. आणि पेटी खोलीतून बाहेर काढा. ऐका माझं.

भैयाजी


सानगडी
६ सप्टेंबर २०२३

भैयाजीभाऊ,

पावसात आवाज बंद झाला. तुमचं लाकडाचं सगळं खरं असते. म्हणून मी मनाले समजावत होते का बाकीचंही खरं असेल. कपडे काढायले परवा पेटी रिकामी केली. झाकण उचलून भिंतीले उलटं लावलं, आणि आतल्या अंगाले पाहिलं.

खुणा आहेत. डोक्याकडं, कडेले, एका रांगेत. आत रुतलेल्या. मी माझी बोटं त्यांत घालून पाहिली. चार बोटं चार खुणांत बसतात.

केशवरावले दाखवलं. म्हणाले, उंदरानं कुरतडलं. मी म्हटलं, उंदराचे दात मले माहीत आहेत, धानाच्या पोत्याले रोज पाहते. मंग म्हणाले, स्मशानात सब्बल लावली तवा पडल्या असतील. मी म्हटलं, कोणीकडून लावली? तर म्हणाले, पायाकडून. डोक्याकडं कोणी हातच लावला नाही, पायाकडून उचकटलं आणि झाकण निघून आलं. असं त्यांनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांचंही तोंड उतरलं. तवापासून ते माझ्या खोलीत येत नाहीत.

तुम्हीच लिहिलं होतं ना, चिडीत नखानं दाबलं तरी खड्डा पडते.

मी जेवून राहिली, कामावर जाऊन राहिली, लेकरांले खिचडी वाढून राहिली. कोणाले काही कळत नाही. पण मले माझ्या पोराच्या बोटांशिवाय काही दिसत नाही. त्याचा हात वर, झाकणाले लागलेला. आणि बाहेर तुम्ही झोपलेले.

आता लाकडावर लिहू नका. मले खरं पाहिजे. खरं वाईट असेल तर वाईट. त्याच्याबिगर मले मरताही येत नाही आणि जगताही येत नाही.

रत्नमाला


सानगडी
२० ऑक्टोबर २०२३

भैयाजीभाऊ,

तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं हे मले माहीत आहे. दिवाळीले तुम्ही बपेऱ्याले येत असाल तर मी बपेऱ्याले येते. तुमच्या दारात बसते. उठणार नाही.

रत्नमाला


बंजार
४ नोव्हेंबर २०२३

रत्नमालाताई,

दारात बसू नका. सांगतो.

मी झोपलेलो नव्हतो. दोन्ही रात्री डोळ्याले डोळा लागला नाही. ड्रायव्हर समोर होता, मी मागं पेटीजवळ, खाली गोधडी टाकून. पेटीच्या आत दोन्ही बाजूनं बर्फ भरला होता. पहाड उतरेपर्यंत सगळं शांत होतं. नागपूर सोडलं, दिवस डोक्यावर आला, गाडीचा टीन तापला, आणि पेटीत ठोका झाला.

मी ओळखला. मिसरूड फुटायच्या आधीपासून लाकडात आहे जी. आतून बर्फ, बाहेरून असं ऊन, ओली फळी तडकणारच. मी माझ्याशीच मोठ्यानं बोललो, "चीड तडकली." मंग दुसरा झाला. मी पुन्हा बोललो. तिसरा झाला तवा मी बोललो नाही. पेटीले कान लावला.

ताई, मले लाकूड समजते. डॉक्टरनं तपासलं तवा मी तिथं उभा होतो. पेटीत त्याले मीच ठेवलं, हात पाय मीच सरळ केले, कसे थंड होते ते मले माहीत होतं. एवढं सगळं माहीत असून माझा हात थांबला नाही. मी समोरच्या पत्र्यावर बुक्क्या मारल्या. ड्रायव्हरनं गाडी बाजूले घेतली. शहापूर होतं. हायवेच्या कडेले एक कडुनिंब आहे, त्याच्या खाली. ड्रायव्हर म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, पोरगा आवाज देऊन राहिला.

तो माणूस शिव्या देत होता, पेटी उघडायची नाही असं त्याले सांगून पाठवलेलं होतं. मी थैलीतून बोटाएवढ्या पात्याची पटाशी काढली आणि डोक्याकडून झाकणाखाली घातली. पटाशी बाहेरून आत शिरली का खूण झाकणाच्या आतल्या अंगाले उठते. सागवानात उठली नसती. मी घाबरलेलो होतो, एका जागी जोर लागेना म्हणून बाजूबाजूले घालत गेलो. त्याच त्या रांगेतल्या खुणा. तुमची बोटं माझ्या पटाशीच्या जागी बसली. अंकुशचा हात त्या झाकणाले लागला नाही. दोन्ही हात छातीवर होते, मी ठेवले तसेच.

खोटं वाटत असेल तर खिळ्यांची भोकं पाहा. डोक्याकडं प्रत्येक खिळ्याले दोन भोकं दिसतील, एक जुनं, एक त्याच्या बाजूले नवं. चिडीतून एकदा निघालेला खिळा त्याच भोकात पुन्हा धरत नाही. म्हणून परत ठोकताना बाजूले ठोकले. पायाकडं एकच एक भोक आहे, तिकडून मी उघडलंच नव्हतं, नुसतं डोक्याकडून झाकण वर केलं होतं.

आता तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. कपाळाच्या डाव्या बाजूले मार होता. बाकी तोंड तुमच्या पोराचंच होतं. डोळे बंद. बर्फ वितळून पाणी गालावर आलं होतं, ते मी माझ्या दुपट्ट्यानं पुसलं. छातीवर कान ठेवला. खूप वेळ ठेवला. हाक मारली. अंकुश म्हणून नाही मारली. "ऊठ बेटा, घर आलं," असं म्हटलं. आपल्या जिल्ह्यात आलो होतो ना.

मंग ड्रायव्हरच आला आणि मले धरून उठवलं. तोही रडत होता.

तुमच्या दारात पाणी पिताना हे सांगायचं होतं. पण काय सांगू? तुमचा पोरगा मेला आहे, पण तासाभरापूर्वी मले तो जिता वाटला होता? तुम्ही तिथंच झाकण उघडा म्हटलं असतं, आणि पुन्हा सगळं झालं असतं. म्हणून चहा घेतला नाही. त्या दिवसापासून मी पेटीले झाकण मारलेलं नाही. ठेकेदार सफरचंदाच्या पेट्या सांगते, मी खिडक्या मागून घेतो.

एवढंच आहे. याच्याखाली दुसरं काही दडलेलं नाही.

भैयाजी


सानगडी
१९ मे २०२४

भैयाजीभाऊ,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी भोकं पाहिली. दोन दोन आहेत. केशवरावले बोलावून दाखवलं. ते खाली बसले आणि तोंड झाकून घेतलं. आता ते पुन्हा माझ्या खोलीत येतात, सकाळचा चहा तिथंच घेतात.

तरी मी तुमाले उत्तर दिलं नाही. राग होता मले तुमचा. काहून होता ते एवढ्या महिन्यांनी समजलं, म्हणून आज लिहून राहिली.

मले फोन आला तो "गेला" म्हणूनच आला. मधे काही नव्हतंच. दुसऱ्या आया पोराच्या उशाशी बसतात, वाचते का नाही करतात, डॉक्टरच्या तोंडाकडं पाहतात. मले तेवढंही भेटलं नाही. तुमाले भेटलं. पटाशी घातली तवापासून शेवटला खिळा निघेपर्यंत माझा पोरगा तुमच्यासाठी जिता होता. पोटात मी ठेवला, आणि तो वेळ तुम्ही घेतला. मले त्याची जळण झाली, भाऊ. तुम्ही रडले असाल, तुमाले दुःख आहे, सगळं समजते. तरी झाली.

मागच्या महिन्यात भंडाऱ्याले मीटिंग होती. मीटिंग झाल्यावर मी साकोलीची गाडी धरली नाही, ऑटो करून उलटी शहापूरले गेली. कडुनिंब सापडला. खाली रसवंतीवाला बसते आता. त्यानं विचारलं, बाई, कोणाची वाट पाहून राहिल्या? मी म्हटलं, हो. ऊन फार होतं. ट्रक जात होते. मी झाडाले पाठ लावून उभी राहिली आणि मनात खिळे काढले. एकेक. घाई केली नाही. आत काय आहे ते मले माहीत नाही असं धरून काढले. शेवटला राहिला तवा हात मागं घेतला. तो काढला नाही. तसाच ठेवला आणि घरी आली.

आता खरं विचारायचं ते. यंदाच्या उन्हाळ्यात पेटीचा आवाज कमी झाला आहे. मागच्या वर्षी दुपार झाली का चालू व्हायचा. यंदा कधी एखादा, आणि काही दिवस तर एकही नाही. तुम्ही लिहिलं होतं, एकदोन उन्हाळे, मंग चूप होते. मागं मी आवाजाले भेत होती. आता दुपारी कामावरून घाईनं घरी येते आणि खाटेवर बसून राहते, होईल का म्हणून. मले सगळं कळते. चीड आहे, तडकते, तुम्ही उघडून पाहिलं, आत काही नव्हतं. कळून काय करू?

मी रोज सकाळी पाण्याचा गुंड भरून पेटीवर टाकते. झाकणावर, डोक्याकडं जास्त. केशवरावले ठाऊक नाही. ओली झाली का पुन्हा वाळेल, वाळली का पुन्हा वाजेल, असा माझा हिशेब. पण फळ्यांवर निळे डाग पडायले लागले.

तुम्ही वाढई आहात. लाकूड ओलं कसं ठेवावं, ते लिहा.

रत्नमाला


बंजार
३ जून २०२४

रत्नमालाताई,

पाणी टाकणं आजच बंद करा.

लाकूड ओलं ठेवता येत नाही. झाडाले येते, लाकडाले नाही. वरून टाकलेलं पाणी आत ओल होऊन राहत नाही, नुसतं कुजवते. निळे डाग पडले म्हणजे बुरशी बसली. दोन पावसाळ्यांत फळी हातात भुगा होऊन येईल, आणि कुजलेली चीड आवाज करत नाही. ठोक्यासाठी तुम्ही पाणी टाकून राहिल्या, आणि त्याच पाण्यानं ठोका मरून राहिला.

तुमाले एक लिहिणार होतो. रात्री लिहिलंही, सकाळी फाडलं. लिहिलं होतं का मी दरवर्षी एक ओली फळी आणून देत जाईन, ती तुमच्या खोलीत वाळत राहील. मले जमलं असतं. गाडीत फळीले कोणी तिकीट विचारत नाही. पण मंग तुम्ही आणि मी दोघंही जलमभर त्या कडुनिंबाखाली उभे राहू. मी तसाही तिथंच आहे. एखादी ओली फळी वाजली का माझा हात थैलीकडं जाते, पटाशीकडं.

ठेकेदाराजवळून सुट्टी घेतली आहे. पुढच्या आठवड्यात बपेऱ्याले न जाता आधी सानगडीले येतो. यावेळी चहा घेईन. पेटी आपण दोघं मिळून सपरीत, ओसरीवर, उन्हाले काढू. मी तिचे खिळे काढतो, फळ्या सुट्या करतो. सुटी फळी खुशाल आकसते, तिले कोणी धरून ठेवलेलं नसते, मंग ती तडकत नाही. डाग रंध्यानं निघतील. पुढं त्या फळ्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगाल तसं, केशवराव सांगतील तसं नाही. काही नाही केलं तरी चालते.

तुमची जळण बरोबर आहे. तो वेळ तुमचा होता. माझ्या हातात आला, मी मागितला नव्हता, आणि आता परत देता येत नाही. पण तुम्ही अर्धाच नेला. त्या वेळाचं दुसरं टोक माझ्याजवळ आहे, तेही घेऊन टाका. शेवटला खिळा मी काढला आहे, ताई. झाकण उचललं. आत अंकुश होता, आणि तो गेलेला होता.

भैयाजी